परभणीपर्यंत

पडद्याआडून तात्यांचा आवाज आला, "हा चौदाचा न्हाई, डाक्टर. तेराचा असंल."

डॉ. शिरगुप्पे शांतपणे म्हणाले, सळईवर चौदाचा आकडा कोरलेला आहे.

"कोरणाऱ्यानं कोरला असंल. चाळीस वर्सं तार ओढतोय मी. मापून बगा."

आत ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला, मग धातूवर धातू घासल्याचा. बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, आत कोण आहेत, डॉक्टरांचे साहेब का? मी म्हटलं, नाही, पेशंट आहेत.

"तेराचीच निघाली की हो," डॉक्टर म्हणाले. "वापरून झिजली असेल."

"मग चालू द्या," तात्या म्हणाले आणि पुढच्याच क्षणी "आई गं" म्हणून गप्प झाले.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. तात्यांना, माझ्या वडिलांना, जाऊन आता अडीच महिने झाले. दहाव्याला हुपरीतले कारागीर जमले होते. ते तात्यांच्या हाताबद्दल बोलले, त्यांनी ओढलेली तार केसासारखी यायची, त्यांच्या पैंजणांना कधी सांधा दिसला नाही, असं. सगळं खरं होतं. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला सारखं डॉ. शिरगुप्प्यांच्या दवाखान्यातलं ते बाक आठवत होतं. हसू येऊ नये म्हणून मी पदर तोंडाशी धरला. बायकांना वाटलं, रडते आहे. तेही तसं खोटं नव्हतं.

त्या वर्षी जानेवारीअखेर परभणीला फोन आला तो गुंडाप्पा आडमुठ्यांचा. तात्यांच्या घराला लागून गुंडाप्पांची चांदी आटवायची भट्टी होती. आमच्या गल्लीतला एकुलता एक फोन तिथे होता. गुंडाप्पा म्हणाले, तात्याला मूतखडा अडकलाय, कोल्हापूरला नेलंय, ये. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. मी कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. रजा टाकली, रात्रीची गाडी धरली आणि सकाळी दवाखान्यात पोचले.

खडा नव्हता. डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं आकृती काढून मला समजावलं. पूर्वी कधीतरी खालच्या बाजूला जबर मार बसला असणार. आत जखम झाली, भरली, पण भरताना तिथला व्रण आवळत गेला आणि लघवीची वाट बारीक बारीक होत गेली. आता ती पूर्ण बंद झाली होती, म्हणून ही धावपळ. मला आठवलं, मी कॉलेजात असताना रेंदाळच्या रस्त्यावर तात्यांची सायकल खड्ड्यात गेली होती आणि ते दांडीवर आपटले होते. चार दिवस झोपून होते. पाठीत उसण भरली असं सांगितलं होतं.

उपाय दोन होते. एक ऑपरेशन, त्याला तात्यांनी साफ नकार दिला. दुसरा उपाय हळूहळू रुंद करण्याचा. आज सुताएवढी बारीक सळई, आठवड्यानं तिच्याहून किंचित जाड, पुढच्या आठवड्याला तिच्याहून जाड. घाई करायची नाही, कारण जबरदस्ती केली तर आतून फाटतं, रक्त येतं आणि भरताना आणखी आवळतं.

हे सगळं डॉक्टरांनी मला सांगितलं कारण सही माझी हवी होती. तात्यांना मात्र मला कळलं आहे हे कळू द्यायचं नव्हतं. वडीलधाऱ्या माणसाला खडा झालेला शोभतो, हे शोभत नाही, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. त्यांनी मला सांगितलं, बारका खडा हाय, डाक्टर मशिननं फोडणार. मी बरं म्हटलं. दर सोमवारी आम्ही हुपरीहून कोल्हापूरला जायचो. ते मला दाराजवळच्या बाकावर बसवायचे आणि म्हणायचे, इथंच बस, आत वास मारतोय औषदाचा. दवाखाना दोन खोल्यांचा आणि पडदा मांजरपाटाचा. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला आतला शब्द न् शब्द ऐकू यायचा.

सळई मापली त्या सोमवारी मात्र ते पडदा सारून बाहेर आले तेच हातात एक चपटी पट्टी घेऊन.

"शालन, हे बग. ह्यांच्याकडं बी जंतर हाय."

जंतर म्हणजे आमच्या घरातला देव. पोलादाची जाड पट्टी, तिच्यात एकाशेजारी एक भोकं, प्रत्येक भोक आधीच्याहून जरा लहान. चांदीची कांब तासून टोक भोकात घालायचं, पलीकडून चिमट्यानं धरून ओढायचं. मग पुढचं भोक, मग त्याच्या पुढचं. एक भोक गाळलं की तार तुटते. डॉक्टरांची पट्टीही तशीच होती, सळईचं माप घेण्यासाठी भोकं पाडलेली, भोकाखाली आकडे. तात्या ती उजेडाकडे धरून आरपार बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण लेकीला काय दाखवतो आहोत. कान लाल झाले. मी पट्टी हातात घेतली आणि म्हटलं, "आपल्यापेक्षा भोकं मोठी आहेत."

"आनि नंबर उलटा," ते जरा सावरून म्हणाले. "आपल्यात नंबर वाढला की तार बारीक. ह्यांच्यात नंबर वाढला की सळई जाड. उफराटा धंदा."

डॉक्टर दारात उभे राहून हसत होते. तिशी-पस्तिशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, तार ओढताना मध्ये थांबता का? तात्या म्हणाले, थांबावं लागतंच. चार घरं, म्हंजे भोकं, ओढली की चांदी कडक होते. मग तिला ताव देऊन मऊ करायची, गार होऊ द्यायची, तेव्हा पुढचं घर. डॉक्टर म्हणाले, मीही त्यासाठीच आठवडाभर थांबतो. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. तात्या टेबलावर आडवे झाल्या झाल्या नंबर विचारायचे. डॉक्टर खरा सांगायचे आणि कधीमधी मुद्दाम खोटा सांगून परीक्षा घ्यायचे. बाकावरची माणसं आपलं दुखणं विसरून ऐकायची.

खड्याची गोष्ट मात्र हुपरीत चालूच राहिली, आणि तिनं तात्यांचे हाल केले. खडा म्हटल्यावर गावाकडे औषधं कमी नाहीत. गुंडाप्पांच्या घरून रोज सकाळी तांब्याभर कुळथाचं कढण यायचं. समोरच्या घरातून सातूचं पाणी. कोणी पानफुटीची पानं आणून द्यायचं, चावून वर दोन तांबे पाणी प्या म्हणायचं, आणि तात्या पाणी पीत आहेत की नाही हे बघत समोर बसायचं. नाही म्हणायची सोय नव्हती, खडा त्यांचाच होता. ते निमूट पीत आणि मग परसाकडे धावत. आत गेले की बादलीवरचा नळ सोडून ठेवत, किती वेळ लागतो ते कुणाला कळू नये म्हणून. तास तासभर नळ वाहायचा. मी स्वयंपाकघरात बसून वाचत असायचे आणि पानं उलटली तरी काय वाचलं ते कळायचं नाही.

मार्चच्या मध्यात सोळा नंबर झाला आणि माझी रजा संपली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तो प्रश्न परत विचारला. आठ वर्षं दरवर्षी विचारत होते. "आता बरं वाटतंय ना? मग उन्हाळ्यात या परभणीला."

"बगू," तात्या म्हणाले.

हेही आठ वर्षं तेच होतं. माझं आणि सुहासचं लग्न कोल्हापुरात नोंदणी पद्धतीनं झालं. सुहास खिल्लारे, मृदाशास्त्राचा प्राध्यापक, बौद्ध. तात्यांनी साक्षीदार म्हणून सही केली, सुहासच्या खांद्यावर हात ठेवला, सगळ्यांना पेढे वाटले. सुहास नंतर दोनदा हुपरीला आला तेव्हा त्यांनी त्याला आपल्या शेजारी पाटावर बसवून जेवू घातलं. पण आमच्या घरी ते आले नाहीत. पहिल्या वर्षी लगीनसराई होती. दुसऱ्या वर्षी पाय मुरगळला. मग एका वर्षी जंतर नवीन आणायचं होतं, एका वर्षी गुंडाप्पाच्या नातवाचं बारसं. आई आजारी पडायच्या आधी एकटी येऊन गेली, तेव्हाही त्यांनी तिला गाडीत बसवून दिलं आणि मागं फिरले. मी पुस्तकांत वावरणारी बाई. या विषयावर मी बरंच वाचलं होतं, आणि त्यातून मी माझं उत्तर काढलं होतं. माणसं सहीपुरती सुधारतात. उंबरा ओलांडायची वेळ आली की थबकतात. सुहासला मी हे कधी बोलले नाही. त्यालाही कळत असणार, कारण त्यानं मला कधी विचारलं नाही.

परभणीहून मी दर सोमवारी संध्याकाळी एस. टी. डी. बूथवरून भट्टीवर फोन करायचे. गुंडाप्पा भिंतीवर हात आपटून हाक मारायचे, तात्या यायचे. तिथे नेहमी चार-पाच कारागीर चांदी आटवून घ्यायला बसलेले, त्यामुळे तात्यांनी एक युक्ती काढली होती.

"अठराची तार निघाली," ते म्हणायचे.

"तुटली-बिटली नाही ना?"

"न्हाई. सरळ आली."

ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. सोळाची काल, अठराची आज, तात्या पोतदार तार बारीक करत निघालाय. एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी ते म्हणाले, "वीसची निघाली. काम संपलं." आणि त्यालाच जोडून, मी काही विचारायच्या आत, "लगीनसराई संपली की येतो मी तुझ्याकडं. बारा जूनचं रिजर्वेशन काडायला सांगितलंय."

बूथवाल्याला वाटलं असेल मला लॉटरी लागली. मी त्याच्याकडून सुट्टे परत घ्यायला विसरले.

डॉक्टरांनी वीसनंतर महिन्यानं परत या, मग दोन महिन्यांनी, मग तीन, असं सांगितल्याचं मला आठवत होतं. मी स्वतः ऐकलं होतं. पण तात्या काम संपलं म्हणाले तेव्हा मला ते अगदी पटलं. मीही चांदीच्याच घरात वाढले. एकदा ओढलेली तार आजवर कधी मागे गेलेली मी पाहिली नव्हती. आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही तसं आलं नसतं.

मे महिना आम्ही घर लावण्यात घालवला. क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, पण सुहासनं पुढची खोली स्वतः रंगवली. तात्यांना जमिनीवर बसायची सवय म्हणून त्यानं कुठूनतरी रुंद, बुटका चौरंग आणला. मी तात्यांना आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी दोनदा केली, पहिली आम्हीच संपवली.

सहा जूनला मी फोन केला. कितीला निघणार, डबा काय घेणार, हे विचारायला.

तात्या म्हणाले, "शालन, न्हाई जमत बग. आर्डर आलीया. मोठी हाय."

"कोणाची?"

"हाय एकाची. रायबागची पार्टी."

ते खोटं बोलतात तेव्हा गावाचं नाव लांबचं घेतात. पाठीमागे भट्टीचा भाता चालू होता, कोणीतरी खोकत होतं. पुढच्या वर्षी नक्की, ते म्हणाले. दिवाळीनंतर बगू.

माझा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"तात्या," मी म्हटलं, "तुम्हाला सुहासच्या घरचं पाणी चालत नाही, हे आठ वर्षांपूर्वीच सांगायचं होतं. मी परत परत विचारलं नसतं."

मग पलीकडे काय झालं ते मला पुढे गुंडाप्पांनी सांगितलं. तात्यांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा बघून गुंडाप्पांनी भाता थांबवला. त्यामुळे भट्टीत एकदम शांत झालं आणि पुढचं सगळ्यांनी ऐकलं. तात्यांनाही ते माहीत होतं. समोर पाच माणसं बसली होती.

"शालन, नीट ऐक," ते म्हणाले. "मला लघवी व्हत न्हाई. खडा-बिडा काय न्हाई. वाटच आवळलीया, सायकलवरनं पडल्यापास्नं. आडोशाला घटकाभर उभं ऱ्हायलो तर थेंब थेंब व्हतंय. येस्टी पाच-धा मिंटं थांबती. तुझं गाव तेरा तासांवर हाय. कसं येऊ? मधी सुटली व्हती, आता परत आवळलीया, चार दिवस झाले. म्हणून रिजर्वेशन मोडलं." मग थोडं थांबून, "पान्याचं कुठनं काढलीस? सुहासराव काय म्हंतील."

आणि फोन ठेवला.

मी बूथच्या काचेच्या खोक्यात उभीच होते. बाहेरचा माणूस नाण्यानं काचेवर टकटक करत होता, मी बाहेर आले, रांगेत शेवटी उभी राहिले, आणि पाऊण तासानं परत भट्टीचा नंबर फिरवला.

गुंडाप्पांनी उचलला. "तात्या न्हाई. कोल्हापूरला जाया जीप बगाय गेलाय." मग आवाज एकदम खाली आला. "शालन, त्या डाक्टरचं नाव काय म्हनलीस?"

मी सांगितलं.

"लिवून घेतो. मला बी हाय तसंच. तीन वर्सं." आणि आणखी खाली, "नेमगोंडाला बी हाय. तो इथंच बसलाय, माझ्याकडं बगून बोट वर कराय लागलाय."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या एकटे गेले नाहीत. जीपमध्ये तिघं होते, तात्या, गुंडाप्पा आणि नेमगोंडा. तपासणीत गुंडाप्पांचं दुखणं वेगळंच निघालं, वयाबरोबर येणारी गाठ, गोळ्यांनी आटोक्यात राहणारी. नेमगोंडांना साखर होती आणि ती कळली म्हणून पुढे त्यांचा पाय वाचला असं ते सांगत. सळईचा मान फक्त तात्यांचा राहिला. इतर दोघांना त्याचं थोडं वाईट वाटलं, असं डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांना मी सहा जूनच्याच संध्याकाळी फोन केला होता. मला ओशाळं वाटत होतं, महिन्यानं नेण्याची जबाबदारी माझी होती. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. "चूक माझीही आहे, ताई. एप्रिलमध्ये मी त्यांना महिन्यानं या म्हटलं, तर ते म्हणाले, तार एकदा ओढली की ओढली. मला वाटलं, गंमत करतायत. मी हसलो. बहुतेक मी हसलो म्हणून त्यांना ते खरंच वाटलं."

मी म्हटलं, पण वीसलाच का थांबले? तुम्ही तर जमलं तर बावीसपर्यंतही जाऊ म्हणाला होता.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही? पहिल्या दिवशी, अजून पुरते शुद्धीवरही नव्हते, नळी घातलेली होती, तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. परभणीला लेक असते, तेरा तासांची एस. टी. आहे, ते कधी जमेल? मी म्हटलं, वीस नंबर सहज जायला लागला की जमेल. ऑपरेशन नको म्हणाले तेही त्यासाठीच. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की त्यानंतर सहा महिने प्रवास बंद."

मी डॉक्टरांना पुढच्या तारखा विचारल्या. त्यांनी सांगितल्या, मी वहीत लिहिल्या, अक्षर नीट येत नव्हतं म्हणून परत विचारल्या. घरी आल्यावर सुहासला सगळं सांगितलं, पाण्याचं बोललेलंसुद्धा. तो म्हणाला, "तू त्यांना असं विचारलंस, आणि त्यांनी पाच माणसांसमोर उत्तर दिलं." एवढंच. मग उठला आणि रंगवलेल्या खोलीतला पंखा पुसायला लागला, जो काल पुसलेला होता.

दुसरी फेरी दहा नंबरापासून सुरू झाली. तात्यांना त्याचं फार लागलं. इतकी घरं ओढून परत पहिल्या घरावर. ते डॉक्टरांना म्हणाले, हे कसलं काम, ओढलेलं ऱ्हात न्हाई. डॉक्टर म्हणाले, चांदीला जखम होत नाही, म्हणून ती ओढाल तशी राहते. कातडीला जखम होते, ती भरते, आणि भरता भरता आवळते.

तात्यांनी विचार केला. "म्हंजे जित्ती हाय म्हणून."

"जिवंत आहे म्हणून."

"मग येत ऱ्हावं लागंल," तात्या म्हणाले. डॉक्टरांनी मला हे फोनवर सांगितलं, आणि तात्यांनीही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

आता तारेची भाषा लागत नव्हती. मी फोन केला की गुंडाप्पाच आधी सांगायचे, "आज चौदा झाला. जरा दुखलं, पन रगत न्हाई." मागून कोणीतरी ओरडून दुरुस्ती करायचं की चौदा नव्हे, पंधरा. भट्टीत येणाऱ्या प्रत्येकाला तात्यांचा नंबर पाठ होता. चांदीच्या तारेचा आणि तात्यांच्या नंबरचा हिशेब उलटा लागतो हे नव्या माणसाला समजावून सांगायचं काम नेमगोंडांनी अंगावर घेतलं होतं. कुळथाचं कढण बंद झालं ते मात्र गुंडाप्पांच्या बायकोला आवडलं नाही. खडा नव्हता तर माझं कढण चार महिने प्यायलं कशाला, असं तिनं तात्यांना तोंडावर विचारलं. चवीला चांगलं होतं, ते म्हणाले. मग ते परत सुरू झालं, वाटीभर.

ऑगस्टअखेर वीस झाला आणि भट्टीवर भडंग वाटला गेला. या वेळी तात्या महिन्यानं परत गेले, वीस परत सहज गेला, आणि त्यानंतरच त्यांनी रिझर्वेशन काढलं. सुहासनं परभणीच्या स्टँडवर जाऊन त्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं होतं. कुठं किती वेळ थांबते, कुठलं शौचालय बरं आहे, कुठं रांग असते, हे सगळं विचारून त्यानं एका पोस्टकार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं. सांगोला दहा मिनिटं, डाव्या हाताला. सोलापूर पंचवीस, गर्दी, पण आतल्या बाजूला दुसरं आहे. लातूर वीस, डाव्या हाताला. अंबाजोगाई, खात्री नाही. पोस्टकार्ड उघडं असतं हे त्याच्या लक्षात आलं नाही. हुपरीच्या पोस्टमननं ते वाचूनच भट्टीवर दिलं आणि म्हणाला, अंबाजोगाईला चांगलं आहे, माझी सासुरवाडी.

ऑक्टोबरातला दुसरा रविवार होता. गाडी संध्याकाळी साडेसहाला यायची, ती सात वाजता आली. मी आणि सुहास पाचपासून उभे होतो. धुळीनं भरलेली लाल गाडी फाटकातून वळून थांबली, माणसं उतरायला लागली, आणि मला तात्या दिसेनात. शेवटी मागच्या बाजूनं त्यांची टोपी दिसली. पांढरा शर्ट, धोतर, गळ्यात टॉवेल. ते सावकाश पायऱ्या उतरले. मी पुढे झाले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, पिशवी सुहासच्या हातात दिली, आणि न बोलता स्टँडच्या त्या टोकाला, पाटी लावलेली होती तिकडे, चालायला लागले.

आम्ही दोघं पिशवीपाशी उभे राहिलो. तेरा तासांपेक्षा जास्तच झाले होते. सुहासनं घड्याळाकडे बघितलं आणि मग बघायचं नाही असं ठरवल्यासारखं मनगट खाली केलं.

कंडक्टर खाली उतरून तिकिटांची पेटी बंद करत होता. "तुमचे पाव्हणे का?" त्यानं विचारलं. सुहास म्हणाला, सासरे. "भारी माणूस आहे. दर स्टँडवर उतरले. मी म्हटलं, बाबा, गाडी निघंल. म्हणाले, तुझ्या आधी येतो. आणि दर वेळी माझ्या आधी येऊन बसलेले. वर मलाच विचारायचे, चला की, कशाची वाट बघताय?"

मी त्या टोकाकडे बघत होते. तात्या बाहेर आले होते. दोन मिनिटंही झाली नव्हती. कोपऱ्यातल्या नळावर त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं, टोपी नीट केली. मग गर्दीतून आमच्याकडे आले, ताठ, लग्नात वरबाप येतो तसे. सुहास पायाला हात लावायला वाकला, त्याला त्यांनी मध्येच दंडाला धरून उभं केलं आणि तो दंड सोडलाच नाही.

"कार्ड बराबर व्हतं," ते त्याला म्हणाले. "निस्तं लातूरला उजव्या हाताला हाय. डावीकडं लिवलंय तुमी."

सुहास म्हणाला, दुरुस्त करतो, परतीला लागेल.

"परतीला न्हवं," तात्या म्हणाले. "पुढच्या खेपंला."

मग माझ्याकडे वळले. डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं, तारेला बघतात तसं, डोळे बारीक करून.

"चल," म्हणाले, "घर दाखव."